कमेटीचा रोजचा कारभार



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून वेदान्तापासून विश्वयुद्धापर्यंत सारे काही बोलून झालेले असते, आणि आपल्यासारखे श्रोतेही भारी विषयांना सरावलेले असतात. आज आम्ही मात्र गटारी, रॉकेलचे कंदील, कोंडवाडा, देवी काढणे आणि घरपट्टी यांच्याविषयी बोलणार आहोत. विषय हलका वाटेल. पण ज्या पिढीने महाराष्ट्रात अशा व्याख्यानमाला सुरू केल्या, त्याच पिढीला गटारीचाही विषय गंभीर वाटत होता, एवढे आरंभीच सांगून ठेवतो. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यास पहिली वसंत व्याख्यानमाला झाली ती १८७५ साली. त्यानंतर सात वर्षांनी, १८ मे १८८२ रोजी, लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव निघाला. गावच्या संस्थांत बिनसरकारी माणसे बहुसंख्य असावीत, शक्य तेथे अध्यक्षही बिनसरकारी असावा, आणि कारभार प्रथम थोडा बिघडला तरी चालेल, पण लोकांना कारभाराचे शिक्षण मिळावे, असा त्याचा आशय होता. कारभार बिघडला तरी चालेल असे म्हणणारा राज्यकर्ता क्वचितच भेटतो. लोकांनी त्यांचे नाव बाजारांना, क्लबांना दिले ते उगाच नव्हे.

आता आपल्या भागाकडे येऊ. वऱ्हाडची गोष्ट पुण्या-मुंबईहून निराळी होती. १८५३ साली निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला. मालकी निजामाची आणि कारभार हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेंटाचा, असा हा दुहेरी संसार पन्नास वर्षे चालला. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप लागू होत नसत, म्हणून वऱ्हाडाकरिता १८८६ साली म्युनिसिपालिट्यांचा वेगळा कायदा करावा लागला. १९०२ साली कायमचा पट्टा झाला, आणि १९०३ साली वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९०५ साली, सरकारी कागदांत ज्याला 'बासीम' म्हणत तो वाशीम जिल्हा मोडला. वाशीम आणि मंगरूळ हे तालुके अकोल्याकडे गेले, पुसद यवतमाळकडे. वाशीम पुन्हा जिल्ह्याचे ठिकाण झाले ते १ जुलै १९९८ रोजी, म्हणजे त्र्याण्णव वर्षांनी.

हा इतिहास आपणांस पाठ आहे. पण त्याचा कमेटीच्या रोजच्या कामावर काय परिणाम झाला हे सहसा कोणी सांगत नाही. 'कमेटी' हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो. म्युनिसिपल कमिटी हे सरकारी नाव, नगरपालिका हे पुढचे शुद्ध नाव; पण लोकांच्या तोंडी शब्द होता कमेटी. कमेटीचा दिवा, कमेटीची शाळा, कमेटीची विहीर. तर जिल्हा मोडला त्या दिवसापर्यंत डेप्युटी कमिशनर साहेब गावातच राहत होते. मंजुरी हवी असली की कागद चार पावलांवर जाई, आणि साहेबांच्या बंगल्याकडचा रस्ता आपसूक दुरुस्त राही. जिल्हा गेला आणि साहेब सुमारे पन्नास मैलांवर अकोल्यास गेले. मध्ये रेल्वे नव्हती. अकोल्याची आगगाडी वाशिमास आली ती स्वातंत्र्यानंतर. अंदाजपत्रक, नव्या कराचा प्रस्ताव, अमुक रकमेपुढील खर्च, सारे कागद सडकेने अकोल्याला जावयाचे आणि शेरे घेऊन सडकेनेच परत यावयाचे. दूर गेलेल्या साहेबामुळे गावाला मोकळीक मिळाली की नुसती दिरंगाई वाढली, हा वादाचा विषय आहे. आमच्या मते दोन्ही झाले. दिरंगाई आधी जाणवली, मोकळीक मागाहून.

१९०१ च्या खानेसुमारीत वाशीमची वस्ती चौदा हजारांच्या आत होती आणि कारंज्याची साडेसोळा हजारांच्या आसपास. तेव्हा कारंजे हे वाशिमाहून मोठे गाव होते, हे ऐकून इथल्या काही मंडळींना बरे वाटणार नाही. पण आकडे आमचे नव्हेत, सरकारचे आहेत. दहा वर्षांपूर्वी वाशीम जिल्ह्यात यापेक्षा अधिक माणसे होती. १८९९-१९०० चा दुष्काळ, ज्याला लोक छप्पन्नचा दुष्काळ म्हणत, मध्ये येऊन गेला होता. म्हणजे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर आपल्या कमेट्यांच्या हाती आलेली गावे उपासातून नुकतीच उठलेली होती.

अशा कमेटीच्या एका मासिक बैठकीचे चित्र आपण मनाशी उभे करू. हे चित्र कोणत्याही एका तारखेचे नाही. त्या काळच्या कोणत्याही लहान गावच्या बैठकीत यातले चार-सहा विषय तरी असावयाचेच. मागील सभेचे वृत्त वाचून कायम करणे. रॉकेलाचा मक्ता कोणाला द्यावयाचा. मैल्याच्या गाड्यांसाठी बैलजोडी घेणे. अमक्याने आपला ओटा रस्त्यावर दोन हात पुढे आणला आहे, त्यास नोटीस देणे. ज्यास नोटीस द्यावयाची तो मेंबराचा मेहुणा असल्यास विषय पुढील सभेवर ढकलणे. शाळेच्या छपराची कौले फिरवणे. कोंडवाड्यातील बेवारस जनावरांचा लिलाव. देवी काढणाऱ्याचा अहवाल. घरपट्टीविरुद्ध आलेले अर्ज. दरोग्याच्या रजेचा अर्ज. त्यात पुनर्जन्म नाही, साम्राज्य नाही, हक्कांचा जाहीरनामा नाही. पण यातील प्रत्येक विषयाच्या पोटात एकच प्रश्न दडलेला असे: गाव म्हणजे कोण? दिवा कोणाच्या दारापर्यंत, झाडू कोणत्या गल्लीपर्यंत, पाणी कोणाच्या घागरीत, आणि पैसा कोणाच्या खिशातून? आमचे सांगणे एवढेच आहे की आपल्या गावांनी या प्रश्नाची उत्तरे मोठमोठ्या सभांत दिली नाहीत. ती या रटाळ बैठकांत दिली, आणि पुष्कळदा आपण काही उत्तर देतो आहोत हे न समजता दिली.

प्रथम दिव्याचे पाहा. खांबावर काचेचा कंदील, आत रॉकेल, आणि संध्याकाळी शिडी खांद्यावर टाकून फिरणारा दिवाबत्तीवाला. तेल महाग आणि कमेटी गरीब. म्हणून जागोजाग असा शिरस्ता होता की चांदण्या रात्री दिवे लावावयाचे नाहीत. पंचांग पाहून काटकसर! आषाढ-श्रावणात पौर्णिमेच्या रात्री आभाळ भरून आले, तरी पंचांगात चंद्र असल्याने गावात अंधारच. यावर आपण हसतो. परंतु खरा प्रश्न खांब कोठे रोवावयाचा हा होता. बाजार, कचेरी, देवळाची वाट आणि मेंबरांचे आळी-वाडे यांना आधी दिवा मिळे. गावकुसाबाहेरच्या वस्तीला तो मिळण्यास फार वर्षे लागली. यासाठी कोणी दुष्ट हेतूने ठराव केलेला नसे. तसा ठराव करावाच लागत नसे, कारण त्या वस्तीतून अर्ज येत नसे आणि बैठकीत तिचा माणूस बसत नसे.

मत देण्याचा अधिकार तेव्हा कर, मालमत्ता किंवा शिक्षण पाहून मिळे. स्त्रियांना तो नव्हता. सारा गाव मिळून मूठभर पुरुष मतदार. काही मेंबर त्यांनी निवडलेले, काही सरकारने नेमलेले. वकील, सावकार, अडते आणि एखादे पेन्शनर अंमलदार, ही बैठकीतली मंडळी. त्यांना नावे ठेवणे आज सोपे आहे. परंतु या मंडळींतील चांगल्यांनी विनावेतन वर्षानुवर्षे गावाची घाण, पाणी आणि शाळा यांचा हिशेब ठेवला हेही खरे. अमरावतीस दादासाहेब खापर्डे यांच्यासारखे गाजलेले वकील आणि टिळकांचे सहकारी दीर्घकाळ म्युनिसिपालिटीचे उपाध्यक्ष होते. पुण्यास गोखले वरिष्ठ कायदे कौन्सिलात अंदाजपत्रकावर भाषणे करीत, आणि गावी परतल्यावर म्युनिसिपालिटीच्या अध्यक्षाच्या खुर्चीत बसून नळ आणि नाल्यांचे कागद पाहत. देशाच्या राजकारणातली माणसे गावच्या गटारीला लाजत नव्हती. आज हा क्रम उलटा झाला आहे, आणि गटार ही राजकारणाची पहिली पायरी समजून लोक ती शक्य तितक्या लवकर ओलांडू पाहतात. पण तो विषय वेगळा.

आता ज्या कामावर कमेटीचा सर्वांत मोठा खर्च होई, त्या सफाईकडे येतो. पाटीचे संडास, पहाटे मैला काढणारी माणसे, बायका, बैलगाड्या, आणि गावाबाहेर चर खणून केलेली मैल्याची जागा, ही त्या काळची व्यवस्था. अंदाजपत्रकात हा खर्च मोठा दिसतो, पण त्यातला किती भाग त्या माणसांच्या हातात पडे हे पाहिले म्हणजे मान खाली जाते. कागदांत त्यांचा उल्लेख नावाने क्वचितच, बहुधा जातीने. आणि कायद्याची गंमत पाहा. गंमत म्हणावे की काय म्हणावे, आम्हांस कळत नाही. इंग्रजी अमलाखालील अनेक प्रांतांच्या म्युनिसिपल कायद्यांत असे कलम होते की सफाई कामगाराने पूर्वसूचनेशिवाय काम सोडले किंवा काम नाकारले तर तो गुन्हा, आणि त्यास शिक्षा. वकील आला नाही तर तारीख पडे. मेंबर आला नाही तर सभा तहकूब होई. सफाईवाला आला नाही तर तो गुन्हेगार ठरे. म्हणजे ज्या एका माणसावाचून गाव एक आठवडा जगू शकत नव्हते, त्याची गरज गावाने कबूल केली ती अशी! पाटी डोक्यावर वाहण्याला कायद्याने बंदी होण्यास १९९३ साल उजाडावे लागले, आणि त्या कायद्याचेही पुरते पालन न झाल्याने २०१३ साली दुसरा, अधिक कडक कायदा करावा लागला. १९०५ च्या बैठकीतील हा विषय निकाली निघण्यास किती बैठका लागल्या त्याचा हिशेब आपणच करावा.

पाण्याच्या बाबतीत वाशीमची स्थिती मुळातच अवघड. गाव समुद्रसपाटीपासून साडेसतराशे फुटांवर, बालाघाटच्या पठारावर बसलेले. जवळच उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेला पूर्णेकडे जाते, आणि दुसऱ्या अंगाचे पाणी पैनगंगेकडे. पावसाचे पाणी दोन्हींकडे वाहून जावयाचे आणि गावाने मध्ये कोरडे बसावयाचे. पूर्वजांनी हे ओळखले होते, म्हणून येथे तळी झाली. पद्मतीर्थ, आणि भवानी काळू यांनी अठराव्या शतकात बांधलेल्या बालाजीच्या देवळालगतचा तलाव. कारंज्यासही ऋषितलाव आहे. त्यात स्नान करून करंज ऋषीचा रोग बरा झाला अशी तेथील कथा. कथा ऋषीच्या रोगमुक्तीची, पण कमेटीच्या काळात प्रश्न उलटा होता: तळ्याच्या पाण्याने रोग येऊ नये म्हणून काय करावे? त्याच पाण्यात स्नान, त्यातच धुणे, त्यातच जनावरे, आणि उन्हाळ्यात विहिरी आटल्या की पिण्यासही तेच. पटकीची साथ आली की कमेटीचा माणूस विहिरीविहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकीत फिरे. पाणी जांभळे-लाल होई, आणि लोक म्हणत की सरकारने पाण्यात काहीतरी घातले. घातले होते हे तर खरेच! मेंबराने स्वतः ते लाल पाणी पिऊन दाखवावे, असे प्रसंग साथीच्या दिवसांत नवलाचे नव्हते. स्थानिक स्वराज्याचे शिक्षण म्हणतात ते हे. साहेबाने प्यायले असते तर कोणाचाही विश्वास बसला नसता.

पाण्याबाबत दुसरा प्रश्न असा की तळे कोणाचे? कमेटी म्हणे सार्वजनिक. मग सार्वजनिक म्हणजे कोण? हा प्रश्न कोकणात महाड येथे धसास लागला. मुंबई कौन्सिलात १९२३ साली सी. के. बोले यांनी सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत असा ठराव मंजूर करून घेतला. महाडच्या म्युनिसिपालिटीने १९२४ च्या आरंभी चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. आणि ठराव दप्तरात तसाच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे हजारो अनुयायी त्या तळ्यावर पाणी प्यायले, तेव्हा कोठे त्या कागदाला अर्थ आला. पुढे त्याच म्युनिसिपालिटीने १९२७ च्या ऑगस्टात आपला ठराव मागे घेतला, आणि प्रकरण हायकोर्टात जाऊन १९३७ साली निकाल लागला. एका तळ्याविषयीचा, एका लहान गावच्या कमेटीचा ठराव! ज्यांना गावच्या बैठकीचे वृत्त रटाळ वाटते त्यांनी हा एक ठराव लक्षात ठेवावा. आपल्या वऱ्हाडातील पाणवठेही याला अपवाद नव्हते, हे सांगण्यास वेगळा पुरावा नको. गावोगावच्या वेगळ्या विहिरी पाहिल्या की पुरे.

रोगाचा विषय निघालाच आहे तर प्लेगचे दोन शब्द. १८९६ साली मुंबईस आलेला प्लेग विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वऱ्हाडात ठाण मांडून बसला. पुण्याच्या १८९७ च्या अनुभवानंतर सरकारने घरात शिपाई घुसविण्याचा नाद सोडला होता, आणि काम गावच्या कमेट्यांवर आले. उंदीर मरून पडले की गाव सोडावयाचे, माळावर झोपड्या घालावयाच्या, रिकाम्या घरांवर पहारा ठेवावयाचा, टोचून घेण्यास लोकांना समजवावयाचे. या झोपड्यांत पावसापर्यंत राहणाऱ्या माणसांकडून घरपट्टी घ्यावी की सूट द्यावी, असे प्रश्नही मग बैठकीपुढे येणारच. १९१८ साली इन्फ्लुएन्झा आला तेव्हा पळण्यास माळही उरला नाही. तो माळावरही होता. मध्यप्रांत आणि वऱ्हाड हे त्या साथीत देशातील सर्वांत अधिक होरपळलेल्या भागांपैकी एक. गावात सरण रचण्यास माणसे नाहीत, आणि कमेटीचा कारकून मृत्यूच्या नोंदवहीत एकामागून एक ओळ लिहितो आहे. या नोंदवहीकडे आम्ही शेवटी पुन्हा येऊ.

हे सर्व करावयाचे कशावर? येथे खरे दुखणे आहे. मध्यप्रांतातील नागपूरसारख्या गावांची मोठी मदार जकातीवर होती, तर वऱ्हाडातील कमेट्यांचे उत्पन्न त्या काळच्या गॅझेटियरात 'कर आणि पट्ट्या' या सदराखाली दाखविलेले आढळते. हा फरक दिसतो त्याहून महत्त्वाचा आहे. जकात नाक्यावर वसूल होते. देणारा बहुधा बाहेरगावचा गाडीवान. मतदार नव्हे, मेंबराचा नातेवाईक नव्हे. तो नाकेदाराशी भांडतो, पैसे मोजतो आणि पुढे जातो. शेवटी तो भार मालाच्या भावात गावावरच पडतो, पण ते कोणाला दिसत नाही. पट्टीचे तसे नाही. पट्टी म्हणजे शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या घरावर आकडा लिहावयाचा. अमुक वाड्याचे भाडे किती यावे, अमक्याची ऐपत काय, हे चार मेंबरांनी बसून ठरवावयाचे, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनाच लग्नाच्या पंगतीत एकमेकांशेजारी बसावयाचे. घरपट्टीविरुद्ध अर्जांचा गठ्ठा का येई, आणि थकबाकी का वाढे, हे यावरून कळेल. मेंबर निवडून यावयाचा तो पट्टी कमी करीन म्हणून, आणि दिवे वाढवीन म्हणून. ही दोन्ही वचने एकाच तोंडून आजही ऐकू येतात.

तरीही आम्ही म्हणतो की पट्टीची भांडणे जकातीच्या शांततेपेक्षा बरी. ज्याने घरपट्टी भरली तो 'माझ्या दारी दिवा का नाही' असे विचारतो. ज्याच्यापासून जकात घेतली त्याला गावाला काही विचारण्याचा हक्कच नसतो. पुढे जकातीचे नाके आपल्याकडेही सर्वत्र झाले, आणि राज्याने नगरपरिषदांच्या हद्दीतली जकात १९९९ साली बंद केली, तेव्हा तिची भरपाई सरकारी अनुदानाने होऊ लागली. नाक्यावरची गर्दी गेली हे चांगलेच झाले. पण जकात बाहेरच्याकडून येत होती, अनुदान वरून येते. घरमालकाला प्रश्न विचारण्याची गरज दोन्हींत सारखीच कमी होते.

गाडीवानाचा विषय निघाला म्हणून कारंज्याकडे जाणे भाग आहे, कारण गावाबाहेरच्या माणसाशी गावाने कसे वागावे याचा एक मोठा प्रयोग तेथे झाला. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस या चार वेशींचे हे गाव म्हणजे जुनी व्यापारी पेठ. नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान आणि जैनांचे विद्यापीठ म्हणून ते देशभर माहीत आहे, पण शेतीबाजाराच्या इतिहासात त्याचे नाव दुसऱ्याच कारणाने येते. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस बंद पडला आणि वऱ्हाडच्या कपाशीला सोन्याचा भाव आला. लागलीच आगगाडी आली, जिन-प्रेस आले, अडते-दलाल आले. कारंज्यावरून मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद मापाची गाडी विसाव्या शतकाच्या आरंभी धावू लागली तीही मुख्यतः याच कापसासाठी. आणि शेतकऱ्याची गाडी बाजारात शिरली की त्याचे काय होई? रुमालाखाली दलालाने दलालाची बोटे दाबावयाची आणि भाव ठरवावयाचा. ज्याचा माल त्यालाच भाव माहीत नाही. याला हत्ता म्हणत. मग तोलाई, हमाली, दलाली, अडत, धर्मादाय, गोरक्षण आणि शेवटी 'माल ओला आहे' म्हणून कडता. धर्म व्यापाऱ्याचा, दान शेतकऱ्याचे!

या गोंधळाला नियम घालण्याचा हिंदुस्थानातील पहिला प्रयत्न म्हणून १८८६ सालच्या कारंज्याच्या कापूसबाजाराचे नाव घेतले जाते. हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने तो सुरू झाला. पुढे १८९७ साली वऱ्हाडाकरिता कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. बाजाराची जागा ठरली, देखरेखीला कमिटी आली. मुंबई इलाख्याने असा कायदा केला तो १९२७ साली, म्हणजे तीस वर्षांनी, आणि १९२८ च्या शेतकी कमिशनने वऱ्हाडचे उदाहरण देशापुढे ठेवले. हे सर्व केवळ शेतकऱ्याच्या कळवळ्याने झाले असे आम्ही म्हणणार नाही. गिरण्यांना भेसळ नसलेला कापूस हवा होता, आणि या बाजार कमिट्यांवर वरचष्मा व्यापाऱ्यांचाच होता. ज्याची गाडी उभी आहे त्याला त्या बैठकीत खुर्ची नव्हती. पण उघड्या जागेत, नियमाच्या तराजूवर, ठरलेल्या कापाकापीने माल विकला जावा ही कल्पना एकदा रुजली ती रुजलीच. आज प्रत्येक तालुक्यात दिसणाऱ्या कृषि उत्पन्न बाजार समितीचे मूळ शोधावयाचे तर कारंज्यापर्यंत यावे लागते, आणि कारंजेकरांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे कोण जाणे!

कमेटीच्या अधिकाराविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. बैठकीने ठराव करावा आणि डेप्युटी कमिशनरने तो स्थगित करावा, असा अधिकार म्युनिसिपल कायद्यात होता. कमेटी फारच बिघडली असे वाटल्यास ती बरखास्त करून कारभार अंमलदाराकडे देण्याचीही सोय होती. १९१९ च्या सुधारणांनी स्थानिक स्वराज्य हे खाते लोकनियुक्त मंत्र्यांकडे आले, आणि मध्यप्रांत-वऱ्हाडास १९२२ साली म्युनिसिपालिट्यांचा नवा कायदा मिळाला. मतदार वाढले, लोकांचा अध्यक्ष खुर्चीत आला. त्याबरोबर पक्ष आले, गट आले, आणि अध्यक्षावर अविश्वासाचे ठरावही आले. जुनी मंडळी म्हणू लागली की साहेबांच्या वेळी रस्ते बरे होते. आम्हांस हे वाक्य फार ओळखीचे वाटते. ते १९२५ साली म्हटले गेले, १९६५ साली नवा नगरपालिका कायदा झाला तेव्हाही म्हटले गेले असेल, आणि परवापरवा पुन्हा ऐकू आले. २०२२ च्या सुमारास राज्यातील बहुतेक नगरपरिषदांच्या मुदती संपल्या, निवडणुका न्यायालयीन वादात लांबल्या, आणि काही वर्षे गावोगाव प्रशासक बसले. त्या दिवसांत पुष्कळ सुशिक्षित गृहस्थ म्हणत, 'नगरसेवक नाहीत तेच बरे. निदान भांडणे नाहीत.'

भांडणे नव्हती हे खरे. पण भांडण होत नव्हते म्हणजे प्रश्न विचारला जात नव्हता. एकबुर्जीच्या जलाशयात पाणी कमी झाले की वाशिमात कोणत्या भागाला किती दिवसांनी नळ सुटावा, हा निर्णय प्रशासकाच्या काळातही कोणीतरी घेतच होते. तो बैठकीत चार लोकांसमोर, वृत्तात नोंद होऊन घेतला जात नव्हता, इतकाच फरक. रिपनसाहेबांनी जे म्हटले, की कारभार थोडा बिघडला तरी चालेल पण तो तुमचा असू द्या, ते आपल्याला परक्याकडून ऐकावे लागले याचे वाईट वाटून घेण्यापेक्षा ते खरे आहे की नाही एवढेच पाहावे. आम्हांस ते खरे वाटते. आणि १९०५ च्या मूठभर मतदारांच्या बैठकीपेक्षा, जिच्यात आता निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत, ती आजची बैठक कितीही गोंगाटाची असली तरी तिला 'गाव' म्हणण्याचा अधिकार जास्त आहे.

आता त्या नोंदवहीकडे. कमेटीच्या सर्व कामांत सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे जन्ममृत्यूची नोंद. गावात कमेटीचा कारकून आणि खेड्यात कोतवाल, यांनी बाळाचे, बापाचे नाव, जात, तारीख लिहावयाची. या कामाला मान नव्हता, त्याविषयी कधी कोणी भाषण केले नाही, आणि एखादी नोंद राहिली तर कोणी जाबही विचारीत नसे. पण वऱ्हाडात आज तहसिलीच्या अभिलेख कक्षापुढे आणि नगरपरिषदेच्या खिडकीपुढे रांग लागते ती याच कागदांसाठी. जातपडताळणीला पणजोबाची नोंद हवी, म्हणून नातू 'कोतवाल बुकाची नक्कल' मागत येतो. २०२३ साली कुणबी नोंदींचा राज्यभर शोध सुरू झाला तेव्हा तर ही जुनी बाडे गाडीभर बाहेर निघाली. त्यातली शाई फिकी झालेली, काही ठिकाणी मोडी अक्षर, पाने हात लावताच तुटणारी. ज्या पणजोबाला कमेटीच्या निवडणुकीत मत नव्हते, ज्याच्या गल्लीत दिवा नव्हता, त्याचे नाव त्या पानावर आहे. आणि खिडकीपलीकडचा आजचा कारकून चष्मा पुसून ते अक्षर लावण्याचा प्रयत्न करीत असतो, कारण मागे रांग उभी असते आणि कचेरी सव्वासहाला बंद होते.